आम्ही, आपण आणि रान : मराठी वाङ्मयातील सामूहिक वनसंचाराचा इतिहास

१

मराठीतील निसर्गविषयक लेखनाची चर्चा बहुधा दोन ठिकाणांहून सुरू होते. एक ठिकाण बालकवींच्या कवितेचे, दुसरे ललित निबंधाचे. या दोन्ही ठिकाणी निसर्गासमोर उभा असलेला माणूस एकटा असतो, आणि आपल्या समीक्षेने हे एकटेपण निसर्गानुभवाची जणू पूर्वअटच मानले आहे. तल्लीनता, आत्मनिष्ठा, एकरूपता ही निसर्गलेखनाच्या मूल्यमापनात वारंवार येणारी पदे एकट्या माणसाविषयीचीच आहेत. परंतु मराठी समाज रानात एकट्याने क्वचितच गेला. तो गेला तो दिंडीने, मेळ्याने, टोळीने, लाकूडफाट्याला निघालेल्या बायकांच्या सोबतीने, गुराख्यांच्या जथ्याने. समाजाचा हा अनुभव वाङ्मयात कोणत्या रूपांनी आला, कोठे लोपला आणि त्याची नोंद समीक्षेने का घेतली नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यातही वसंतातील समूहाने केलेला वनसंचार हे आशयसूत्र मी मध्यवर्ती ठेवले आहे. कारण आपल्या परंपरेत समूहाला रानात नेणारा ऋतू प्रामुख्याने वसंत आहे.

या इतिहासाकडे पाहण्यासाठी मराठीने स्वतःच एक साधन दिलेले आहे. मराठीत प्रथम पुरुषाच्या अनेकवचनाला दोन सर्वनामे आहेत. 'आम्ही' म्हणताना ऐकणारा वगळला जातो. 'आपण' म्हणताना तो सामावला जातो. 'आम्ही रानात गेलो' आणि 'आपण रानात गेलो' या दोन वाक्यांत रान तेच असले, तरी समूह तोच नाही. वनसंचाराच्या कोणत्याही संहितेला म्हणूनच एक प्रश्न विचारता येतो : या समूहात कोण मोजला गेला आहे आणि बरोबर चालत असूनही कोण मोजलेला नाही?

हा प्रश्न मी जेथून विचारतो आहे ते स्थळही सांगणे आवश्यक आहे. कुरुंदवाड हे कृष्णा-पंचगंगेच्या संगमाच्या परिसरातील, पटवर्धनांच्या संस्थानाचे एकेकाळचे राजधानीचे गाव. शिरोळ तालुक्याच्या या काळ्या, सखल पट्ट्यात आज वन म्हणावे असे काही नाही. नदीकाठची बाभूळ, करंज, उंबर, बांधावरचा एखादा आंबा आणि नजर पोचेल तेथवर ऊस. येथील विद्यार्थ्याला वसंत भेटतो तो प्रथम पाठ्यपुस्तकात. रान नसलेल्या गावात रानाच्या वाङ्मयाचे अध्यापन करताना शब्द आणि वस्तू यांतील अंतर रोजच जाणवते, आणि त्या अंतराचा इतिहास शोधणे ही केवळ हौस उरत नाही.

२

संस्कृत काव्यपरंपरेत वसंतातील समूहाचा वनसंचार हा एक निश्चित संकेत आहे. दंडीने 'काव्यादर्शा'त महाकाव्याची जी लक्षणे दिली त्यांत नगर, सागर, पर्वत, ऋतू यांच्या वर्णनांबरोबर उद्यानक्रीडा आणि सलिलक्रीडाही येतात. माघाच्या 'शिशुपालवधा'त हा संकेत अत्यंत विस्ताराने पाळलेला आहे. चौथ्या सर्गात रैवतक पर्वत, सहाव्यात षड्ऋतू, सातव्यात वनविहार आणि आठव्यात जलक्रीडा असा हा क्रम आहे. सातव्या सर्गात यादव आपल्या स्त्रियांसह फुले वेचीत रानातून हिंडतात. शब्दशः पाहिले तर हा सामूहिक निसर्गसंचारच होय.

या संचाराची सामाजिक बाजू 'कामसूत्रा'त दिसते. नागरकाच्या दिनचर्येत गोष्ठी, समापानक यांच्या जोडीला उद्यानगमन आहे. आणि समूहाने करावयाच्या क्रीडांच्या नामावळीत सहकारभंजिका, पुष्पावचायिका, अशोकोत्तंसिका, दमनभंजिका, इक्षुभंजिका अशी नावे आढळतात. आंब्याचा मोहोर तोडणे, फुले वेचणे, अशोकाची फुले माळणे, दवणा खुडणे, ऊस मोडून खाणे. यांतील बहुतेक क्रीडांचे नाव एखाद्या वनस्पतीवरून आणि तिच्यावर केलेल्या क्रियेवरून पडलेले आहे. ज्याला पोटासाठी तोडावे लागत नाही तो खेळ म्हणून तोडतो, हे या नामावळीमागचे न बोललेले गृहीत आहे. या समूहाचे सर्वनाम 'आम्ही' आहे. उद्यानपाल, मालिनी, सारथी यांच्यावाचून हा विहार घडत नाही. परंतु ते विहारात मोजले जात नाहीत.

संकेत म्हणून वसंत स्थिरावला की निरीक्षणाची गरज मंदावते. अशोक स्त्रीच्या पदाघाताने फुलतो आणि बकुळ मद्याच्या गुळण्यांनी, हे दोहद कवीने रानात जाऊन पाहिलेले नसतात. ते त्याला परंपरेने दिलेले असतात. 'मालविकाग्निमित्रा'त या अशोकदोहदाभोवती नाट्य रचले जाते आणि ते विलक्षण रम्यही आहे. मात्र पुढे मराठी आख्यानकाव्यात ऋतुवर्णन आले ते पुष्कळदा या संकेतव्यूहाचा वारसा म्हणून. झाडे तीच, क्रमही जवळपास तोच, आणि वर्णन करणारा कवी कोणत्या भूमीत राहतो याचा पत्ता क्वचितच लागणारा.

३

या वारशाला मराठीत पहिला मोठा छेद गेला तो महानुभावांच्या वाङ्मयात, आणि तोही बाराव्या-तेराव्या शतकांनी दिलेल्या अगदी वेगळ्या कारणाने. महानुभाव आचारधर्मात अटन आणि विजन या दोन कल्पना महत्त्वाच्या आहेत. अटन म्हणजे नियमाने हिंडणे, विजन म्हणजे जनांपासून दूर, एखाद्या झाडातळी बसणे. विहारात रान हे भोगाचे स्थान होते. अटनात ते आचाराचे स्थान झाले.

'लीळाचरित्रा'ची रचनाच या दृष्टीने बोलकी आहे. म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या या ग्रंथाचे एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे तीन भाग आहेत. एकांकात चक्रधर एकटे संचार करतात. पुढील भागांत त्यांच्याभोवती परिवार जमतो. म्हणजे एकट्याचे चालणे आणि समूहाचे चालणे हा भेद मराठीच्या पहिल्या मोठ्या गद्यग्रंथाने प्रकरणविभागणीसाठी वापरला आहे. एकांकातील सशाची लीळा सर्वपरिचित आहे. शिकाऱ्यांच्या कुत्र्यांपुढून पळालेला ससा चक्रधरांच्या आश्रयाला येतो आणि ते त्याला अभय देतात. तोडण्याच्या खेळांची नावे कोशासारखी जपणाऱ्या संस्कृतीत ही लीळा रानाशी असलेल्या संबंधाचे क्रियापदच बदलते.

परंतु वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा मुद्दा संहितेच्या घडणीचा आहे. म्हाइंभटांनी लीळा जमविल्या त्या ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांना विचारून. त्या परिवारात महदाइसेसारखी चिकित्सक प्रश्न विचारणारी स्त्री होती, बाइसा होत्या, निरनिराळ्या जातींची माणसे होती. मूळ पोथी नष्ट झाल्यावर ती स्मृतीतून पुन्हा उभी केली गेली आणि वेगवेगळ्या पाठांची परंपरा निर्माण झाली. एकाच प्रसंगाचे दोन स्मरणकर्ते दोन प्रकारे स्मरण करतात आणि संहिता दोघांनाही जागा देते. 'स्थानपोथी'त तर चक्रधर कोणकोणत्या ठिकाणी राहिले त्यांची नोंद आहे. चालण्यातून निर्माण झालेला तो एक भूगोलच आहे. येथे समूहातील प्रत्येकाची स्मृती प्रमाण म्हणून पुढे येऊ शकते. रानातून समूहाने चालण्याच्या अनुभवाला मराठीत मिळालेला हा पहिला बहुस्वरी रूपबंध होय.

या नव्या संबंधाचा जुन्या संकेताशी झालेला संघर्ष भास्करभट्ट बोरीकरांच्या बाबतीत स्पष्ट दिसतो. त्यांच्या 'शिशुपाळवधा'त शृंगार आणि वर्णने यांचा मोठा विस्तार आहे. पंथात अशी आख्यायिका सांगितली जाते की ग्रंथ वाचून एका जाणत्या पंथीयाने त्याची वाखाणणी केली, पण निवृत्तिमार्गीयांना तो उपयोगाचा नाही असाही अभिप्राय दिला. आणि मग भास्करभट्टांनी 'उद्धवगीता' रचली. आख्यायिका ऐतिहासिकदृष्ट्या किती खरी हा प्रश्न वेगळा. वसंतविहाराचे काव्य कोणासाठी, हा प्रश्न तेराव्या-चौदाव्या शतकांतील मराठी वाचकवर्गाला पडत होता, एवढे ती निश्चित सांगते. 'उद्धवगीते'चा आधार असलेल्या भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताचे चोवीस गुरू येतात. पृथ्वी, वायू, भ्रमर, कपोत, अजगर यांच्यापासून तो शिकतो. पुढे एकनाथांनी १५७३ मध्ये वाराणसीत पूर्ण केलेल्या आपल्या भागवतटीकेत हे प्रकरण मराठी श्रोत्यांपुढे विस्ताराने मांडले. निसर्ग हा गुरू झाला खरा. मात्र शिकणारा अवधूत पुन्हा एकटाच आहे. आपल्याकडील एकाकी निसर्गनिरीक्षकाचे एक मूळ येथे आहे, ते सगळेच्या सगळे इंग्रजी रोमँटिक काव्यातून आलेले नाही, हे नोंदवून ठेवले पाहिजे.

४

ग्रंथांच्या बाहेर, लोकव्यवहारात, वसंतातला सामूहिक संचार अखंड चालू राहिला तो यात्रेच्या रूपाने. कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीवर, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर, चैत्री पौर्णिमेला भरणारी यात्रा हे याचे आमच्या भागातील ठळक उदाहरण. कोल्हापूर, सांगली, सातारा, बेळगाव या भागांतून माणसे डोंगर चढतात. उंच सासनकाठ्या तोलीत, गुलाल उधळीत. या देवाला वाहिली जाणारी वनस्पती दवणा आहे. 'कामसूत्रा'तील दमनभंजिकेतला दमनक तो हाच. नागरकाच्या क्रीडेचा आणि जोतिबाच्या यात्रेचा थेट वंशवृक्ष मांडण्याचे धाडस मी करणार नाही. पण चैत्राच्या सुमारास दवणा हाती घेऊन समूहाने बाहेर पडणे ही गोष्ट दोन अगदी भिन्न समाजथरांत आढळते, हे लक्षणीय आहे. एका ठिकाणी दवणा खेळासाठी खुडला जातो, दुसऱ्या ठिकाणी देवाला वाहण्यासाठी. यात्रेच्या समूहात सामील होण्यासाठी निमंत्रण लागत नाही. तिचे सर्वनाम 'आपण' असते, निदान डोंगर चढेपर्यंत तरी.

हीच तुलना उसाच्या बाबतीत केली की चित्र पालटते. इक्षुभंजिका, ऊस मोडण्याचा खेळ, ही नागरकाची करमणूक होती. आमच्या पट्ट्यात ऊसतोडणी हे हंगामी मजुरांचे काम आहे. मराठवाड्यातून आलेल्या टोळ्या गळीत हंगाम संपत आला की, वसंताच्या तोंडावर, बिऱ्हाड आवरून परतीला लागतात. वसंतात समूहाने केलेला हाही एक प्रवास आहे. महाकाव्याच्या लक्षणांत त्याला जागा नव्हती, आणि ललित निबंधाच्या लक्षणांतही ती मिळालेली नाही.

५

सामूहिक वनसंचाराच्या आधुनिक रूपाचा आरंभ शोधू लागले की १८८३ हे वर्ष समोर येते. त्या वर्षी १५ सप्टेंबरला मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली. आठ संस्थापकांपैकी दोघे भारतीय होते : डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक आणि व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचे बंधू. एका भावाने १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, दुसरा जवळजवळ अर्धशतकाने निसर्गाच्या वर्गीकरणासाठी जमलेल्या मंडळीत बसला. नामे, प्रकार, लक्षणे आणि अपवाद यांची ओढ दोन्ही उद्योगांत समान आहे. पुढच्या काळात समूहाने रानात जाऊन पाहणे, नोंदवणे, नाव ठरवणे ही जी रीत रुजली तिच्यामागे या संस्थेची परंपरा आहे. तिच्याशी निगडित असलेल्या सालिम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक १९४१ मध्ये आले आणि हौशी निरीक्षकांच्या पिढ्या त्यावर घडल्या.

त्याच १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला. त्यात जंगल खात्याविषयीची तक्रार आहे. गावोगावची गायराने आणि डोंगर सरकारी फॉरेस्टात घातल्यामुळे गरीब शेतकऱ्याच्या गुराढोरांना चरायला जागा उरली नाही, असे फुले सांगतात. १८७८ च्या वन कायद्यानंतरची ही साक्ष आहे. मुंबईत काही सुशिक्षित माणसे निसर्गाभ्यासासाठी समूहाने एकत्र येत होती, आणि पुण्याचा एक विचारवंत लिहीत होता की ज्यांचे चालणे रानातूनच होते त्यांना तेथून बाहेर काढले जात आहे. या दोन घटना एकमेकींचे कारण नव्हेत, आणि निसर्ग अभ्यासणाऱ्यांवर वन कायद्याचे पातक लादणेही अन्यायाचे होईल. परंतु वाङ्मयेतिहासकाराने ही दोन पाने शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. निसर्ग 'पाहण्याची' नवी रीत मराठी समाजात आली तेव्हा त्याच समाजातील दुसरा एक समूह रानात जाण्याचा हक्क गमावीत होता.

गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या पुस्तकात हाच धागा पुढे येतो. १९४५ च्या वारली उठावाच्या या आत्मकथनात ठाणे जिल्ह्यातील रान आहे, पण ते विहाराचे नाही. गवत कापणाऱ्यांचे, लाकूड तोडणाऱ्यांचे, वेठीला जुंपलेल्यांचे ते रान आहे. आपण या पुस्तकाला चळवळीचे पुस्तक म्हणून एका कप्प्यात ठेवतो आणि निसर्गलेखनाच्या चर्चेत त्याचे नाव घेत नाही. ही वर्गवारी कोणत्या गृहीतावर उभी आहे? रानात काम करणाऱ्याला रान दिसत नाही, ते फक्त फिरायला आलेल्यालाच दिसते, या गृहीतावर.

६

विसाव्या शतकाच्या मध्याला मराठी गद्यात दोन पुस्तके आली, आणि ती शेजारी ठेवली की आपल्या प्रश्नाचे स्वरूप नेमके होते. इरावती कर्वे यांच्या 'परिपूर्ती' (१९४९) या संग्रहातील पंढरीच्या वारीवरील 'वाटचाल' हा लेख आणि दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' (१९५६). दोन्ही लेखिका मानवी समाजाच्या अभ्यासक. दोघींची शिस्त शास्त्रीय, दोघींचे गद्य समर्थ.

'वाटचाल'मधील निवेदक समूहात चालतो. महाराष्ट्राची ओळख त्या पंढरीला जाणाऱ्या माणसांवरून करतात, आणि त्याच वेळी एका दिंडीत जातींनुसार वेगळ्या बसणाऱ्या पंगतींकडेही डोळेझाक करीत नाहीत. 'आपण' म्हणत चालणाऱ्या समूहात जेवणाच्या वेळी पुन्हा 'आम्ही' आणि 'तुम्ही' कसे उभे राहतात, हे इतक्या थोड्या शब्दांत मराठीत क्वचितच कोणी दाखवले असेल. पण आषाढातल्या त्या वाटेवरची झाडे या लेखाचा विषय नाहीत.

'ऋतुचक्र' चैत्रापासून सुरू होते. कालिदासाचे 'ऋतुसंहार' ग्रीष्मात सुरू होऊन वसंतात संपते. दुर्गाबाईंनी मराठी पंचांगाचा क्रम घेतला आणि वसंताला शेवटाऐवजी आरंभाची जागा दिली. संकेतात गोठलेल्या झाडांना त्यांनी पुन्हा निरीक्षणाच्या प्रकाशात आणले. रंग, पालवीच्या छटा, फुलांची वेळ, या बाबतींत मराठी गद्याला इतकी अचूक दृष्टी त्यापूर्वी क्वचितच लाभली होती. या पुस्तकात माणसे नाहीत असे नव्हे. सण आहेत, लोककथा आहेत, लोकांची समजूत आहे. पण पाहणारी नजर एकटीची आहे. मध्य भारतातील आदिवासींमध्ये क्षेत्रसंशोधन केलेल्या लेखिकेच्या पुस्तकात, झाडे ओळखायला शिकवणारी माणसे बरोबर चालताना दिसत नाहीत.

म्हणजे एका लेखिकेने समूह राखला आणि दुसरीने झाडे. हा दोघींचा दोष नव्हे. वाङ्मयप्रकारांच्या उपलब्ध चौकटींचा तो परिणाम आहे. फडके-खांडेकरांच्या लघुनिबंधाने 'मी'भोवती गद्य फिरवण्याची रीत घालून दिली होती. ललित निबंधाने ती अधिक सखोल केली. समाजशास्त्रीय लेखनाला समूह दिसत होता, पण झाड ही त्याची नोंदीची बाब नव्हती. झाड आणि समूह एकाच वाक्यात मावतील असा रूपबंध आधुनिक मराठीला आयता मिळालेला नव्हता. 'लीळाचरित्रा'त तो बीजरूपाने होता, पण ते धर्मग्रंथ म्हणून आणि भाषेच्या अभ्यासाचे साधन म्हणून वाचले जात होते.

या उणिवेच्या सर्वांत जवळ पोचलेला लेखक म्हणजे मारुती चितमपल्ली. १९३२ मध्ये सोलापुरात जन्मलेले आणि जून २०२५ मध्ये निवर्तलेले चितमपल्ली वनाधिकारी होते. म्हणजे ज्या खात्याविषयी फुल्यांनी तक्रार लिहिली त्याच खात्याच्या नोकरीत त्यांनी रान पाहिले. 'रानवाटा', 'जंगलाचं देणं', 'नवेगावबांधचे दिवस' या पुस्तकांत त्यांच्याबरोबर चालणारी माणसे नावानिशी येतात. नवेगावचे माधवराव पाटील हे त्यांतले ठळक नाव. रानातील जाणकारांकडून, आदिवासींकडून, ढीवरांकडून घेतलेले शब्द ते त्या माणसांचे म्हणूनच देतात. शब्द कोणाकडून आला हे सांगणे ही सौजन्याची बाब वाटते; वस्तुतः ती संहितेच्या प्रामाण्याची बाब आहे. म्हाइंभट लीळा कोणाकडून मिळाली याची जी चौकशी करीत, तिच्याशी या पद्धतीचे नाते आहे. सोलापूरच्या २००६ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद चितमपल्लींना मिळाले, तरी त्यांच्या लेखनाची चर्चा अनुभवाचे वेगळेपण आणि शब्दसंग्रह यांपलीकडे फारशी गेली नाही. त्यांच्या गद्यातील 'आम्ही' कोणाकोणाचा बनलेला आहे, हा रूपबंधाचा प्रश्न अजून विचारायचा आहे.

७

आता पुन्हा आमच्या भागाकडे. राधानगरी-दाजीपूरचे रान हे पूर्वी कोल्हापूर संस्थानाचे शिकारीचे राखीव रान होते. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झाले. महाराष्ट्रातील पहिले अभयारण्य म्हणून ते ओळखले जाते. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत त्याचा समावेश झाला. राजाची मृगया, गव्यांचे अभय आणि सुशिक्षितांची भ्रमंती असे या लेखात आलेले तीन टप्पे या एका रानाने अनुभवले आहेत. फाल्गुन-चैत्रात सपाटीवरच्या गावांतून विद्यार्थ्यांचे आणि हौशी मंडळींचे गट तेथे जातात.

अशा भ्रमंतीनंतर विद्यार्थ्यांनी लिहिलेली टिपणे मी अनेक वर्षे वाचत आलो आहे. त्यांत दोन गोष्टी हटकून आढळतात. पहिली, शब्दाची चुकामूक. महाविद्यालयांच्या आवारात रांगेने लावलेल्या उंच, हिरव्या आसुपालवाला सगळेच 'अशोक' म्हणतात. त्यामुळे काव्यातील अशोक वाचताना विद्यार्थ्यापुढे लाल-केशरी गुच्छांचे झाड उभेच राहत नाही, आणि दोहदाची सगळी कल्पना त्याला निराधार वाटते. 'अंजन' या शब्दाचेही तसेच. खानदेश-विदर्भाच्या कोरड्या रानातला अंजन हा जोडपानांचा उंच वृक्ष. सह्याद्रीच्या सदाहरित रानातली अंजनी हे बुटके झाड, वसंतात फांदीफांदीवर निळ्या फुलांचे झुबके धरणारे, आणि लोक तिलाही सर्रास अंजन म्हणतात. विदर्भातील रानावरचे पुस्तक दाजीपूरच्या वाटेवर वाचले तर वाचक एका झाडाखाली उभा राहून दुसऱ्या झाडाविषयी वाचत असतो. वाचनाच्या सिद्धान्तात आपण संहितेतील रिकाम्या जागा वाचक भरतो असे म्हणतो. तो त्या कशाने भरतो, याचे उत्तर पुष्कळदा त्याच्या तालुक्यात कोणते झाड उगवते यावर अवलंबून असते.

दुसरी गोष्ट सर्वनामाची. टिपणे 'आम्ही'ने सुरू होतात आणि 'आम्ही'ने संपतात. वाट दाखवणारा, पाऊलखूण ओळखणारा, झाडाचे नाव सांगणारा स्थानिक माणूस 'गाईड' या एका शब्दात येतो. त्याचे नाव नसते, आणि त्याने सांगितलेली झाडांची नावे 'स्थानिक नाव' म्हणून कंसात जातात. विद्यार्थी स्वतः शेतकरी, शेतमजूर घरांतले असतात; त्यांच्या आज्या-मावश्यांना नदीकाठच्या प्रत्येक झुडपाचे नाव ठाऊक असते. तरीही लेखनाचा साचा हाती येताच बोलणारा जाणकार कंसात जातो. हा साचा त्यांनी कोठून उचलला? आपण त्यांना शिकवलेल्या ललित निबंधातून आणि त्याच्या समीक्षेतून.

येथे प्रश्न केवळ शैलीचा राहत नाही. चांदोलीचे अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झाले, २००४ मध्ये त्याचे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि त्या क्षेत्रातील गावांना खालच्या सखल भागात वसवण्यात आले. अशा घरातील मुलगा आज वर्गाबरोबर सह्याद्रीच्या रानात भ्रमंतीला गेला, तर तो कोणत्या सर्वनामाने लिहील? त्याच्यासाठी ती नवी जागा पाहणे नसून जुनी जागा पुन्हा पाहणे असू शकते. 'आम्ही निसर्गाच्या सान्निध्यात एक दिवस घालवला' हे वाक्य त्याच्या आजोबांना उद्देशून लिहिता येत नाही.

८

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. मराठी वाङ्मयात समूहाचा वनसंचार क्रीडा, अटन, यात्रा आणि निरीक्षण अशा रूपांनी आला. ही रूपे एकामागून एक आली आणि आधीचे रूप संपले, असे झालेले नाही. आजच्या निसर्गभ्रमंतीत विहाराची मौज, अटनाचा नियम, यात्रेचा उत्साह आणि निरीक्षणाची वही ही एकत्र नांदतात. या प्रत्येक रूपाने समूहाची सीमा वेगळ्या जागी आखली. दुसरे असे की एकट्या निवेदकाचा रूपबंध हा मराठी निसर्गलेखनाचा स्वभाव नसून त्याच्या इतिहासातील एक, आणि तुलनेने अलीकडे प्रबळ झालेली, शक्यता आहे. तिसरे, श्रमाचे रान आणि सौंदर्याचे रान यांची वाङ्मयप्रकारांनुसार केलेली फाळणी वाङ्मयबाह्य कारणांनी झालेली आहे, आणि समीक्षेने ती तपासल्याशिवाय स्वीकारली आहे.

विष्णु दिगंबर पलुस्करांचा जन्म १८७२ मध्ये कुरुंदवाडला झाला. राजाश्रयावर जगणारे संगीत त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून सर्वसामान्यांच्या वर्गात नेले, आणि त्यासाठी त्यांना स्वरलेखनाची पद्धत बसवावी लागली. गाणे समूहाचे व्हायचे तर ते लिहून ठेवण्याची रीतही बदलावी लागते. दरबारी वनविहार लोकांची भ्रमंती झाला आहे. तिच्या लेखनाची रीत मात्र अजून बदलायची आहे. निदान एवढे आजच करता येईल : वसंतातल्या अशा भ्रमंतीचे टिपण विद्यार्थ्याकडून लिहून घेताना झाडाचे नाव कोणी सांगितले हे त्याच ओळीत लिहायला सांगावे, एकाच झाडाला गटात दोन नावे निघाली तर दोन्ही ठेवावीत, आणि वाट दाखवणाऱ्याला ते टिपण वाचून दाखवावे. वाचून दाखवायचे म्हटले की ऐकणारा समोर बसतो, आणि लिहिणाऱ्याला 'आम्ही' लिहावे की 'आपण', याचा निर्णय प्रत्येक वाक्याला करावा लागतो.